त्यानं खांदा वळवला असता तर

काल आई फोनवर म्हणाली, "बरं झालं गं, सोडलंस त्याला. देवानंच बुद्धी दिली." मी हं म्हटलं. मग विषय ताईच्या घरावर गेला, तिथून पाण्याच्या टाकीवर, आणि ते तसंच राहिलं. आज सकाळी मावशीचा मेसेज आला, की तू त्या मुक्या जिवाला जीवदान दिलंस हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं. खाली हात जोडलेले. म्हणजे आईनं सगळीकडं सांगितलंय.

दिवसभर कामात लक्ष नाही. आईचा राग आलेला नाही. तिला आनंद झालाय, आणि माझ्या इथल्या, अमेरिकेतल्या, धनुष्यानं एल्कची (सांबरासारखं मोठं हरीण) शिकार करायच्या या नादावरून तिला आनंद होण्याचे प्रसंग कमीच येतात. पण तिनं जे माझ्या नावावर जमा केलंय ते माझं नाही असं सारखं वाटतंय. मग माझं काय आहे, हे लिहून बघावं म्हणून बसले आहे.

आधी घडलं ते, जसं आठवतंय तसं.

कोलोराडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या उत्तर उतारावर, अ‍ॅस्पेन संपून स्प्रूसची गर्द झाडी सुरू होते तिथं मी गुडघ्यावर बसले होते. आजोबा माझ्या मागं, वरच्या अंगाला, पन्नासेक यार्डांवर. मादीचा आवाज ते काढणार, बुल, म्हणजे एल्कचा नर, आवाजाच्या दिशेनं येणार, आणि वाटेत मी. संध्याकाळ होत आली होती, पण वारा अजून उताराखालून वर येत होता, माझ्या तोंडावर. सूर्य डोंगराआड गेला की तो उलटतो आणि थंड हवा खाली वाहायला लागते. खालून येणाऱ्या जनावराला मग तुमचा वास लागतो आणि खेळ संपतो. आमच्याकडं अर्धा तास असेल.

तो एकदा खालून ओरडला. बुलची साद मी किती ऐकली असेल, तरी दर वेळी पोटात काहीतरी हलतं. एवढ्या मोठ्या देहातून इतका बारीक, चढत जाणारा आवाज, आणि शेवटी घशातली खरखर. मग बराच वेळ काही नाही. मग वास आला. सप्टेंबरात माजावर आलेला नर चिखलात लोळतो, स्वतःच्याच अंगावर मुततो, आणि तो वास त्याच्या पुढं चालत येतो. मग फांदी मोडली. मग तो.

पडलेल्या ओंडक्याचं अंतर मी बसतानाच मोजून ठेवलं होतं, अठरा यार्ड. तो ओंडक्याच्या अलीकडं आला. सोळा म्हणू.

आमच्या भागात चार फाट्यांचा नियम आहे. एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, किंवा कपाळावरचा पहिला फाटा पाच इंचांचा हवा. त्याहून लहान नर मारायचा नाही. उद्देश हा की वर्षाची, नुसत्या सरळ काट्यांची पोरं वाचावीत, त्यांना वाढायला वेळ मिळावा. लांबून, दुर्बिणीतून हे मोजणं निवांत होतं. जनावर मान वळवतं, बाजूनं दिसतं, पहिले दोन फाटे चेहऱ्यावर पुढं आलेले, तिसरा जरा वर, चौथा सगळ्यांत लांब, तलवारीसारखा उभा. त्या चौथ्याच्या मागं शिंग आणखी एकदा फुटलं असेल तर सहाचा बुल, तिथं नुसतंच टोक असेल तर पाचाचा. शरीरही वाचता येतं. जाड मान, गडद आयाळ, ओघळलेलं पोट असलं की नर मुरलेला. आणि तरी शिंगांवरून नेमकं वय कळत नाहीच. वय दातांत असतं, आणि दात बघायला मिळतात ते नंतर.

सोळा यार्डांवर यातलं काही चालत नाही. तो समोरून, माझ्याकडं तोंड करून उभा होता. समोरून बघितलं की सगळे फाटे एकमेकांत मिसळतात, डावं कुठलं आणि उजवं कुठलं समजत नाही. आणि जवळून प्रत्येक बुल राक्षस दिसतो. मी डावीकडून सुरुवात केली. एक, दोन, तीन. त्यानं मान किंचित तिरकी केली आणि चौथा दिसला. नियम तिथं संपला. माझ्याकडं परवाना होता, उजेड होता, वारा होता. तरी माझे डोळे पुढं गेले. पाच. मग मी सहावा शोधायला लागले.

हे मी आईला सांगितलेलं नाही. आजोबांनाही नाही.

मी मांसासाठी जाते. हे मी इतक्यांदा, इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते माझं मलाच पाठ झालंय. फ्रीजर भरला की वर्षभर घरात दुसरं मटण येत नाही, मुलं तेच खात मोठी होतायत. सहावा फाटा शिजत नाही. शिवाय ती शिंगं तो येत्या वसंतात टाकूनच देणार होता, दर वर्षी टाकतात, आणि उन्हाळ्यात नवी येतात. मग मी काय शोधत होते? ऑफिसातल्या एकानं सोमवारी पहिलाच प्रश्न विचारला, किती इंच? पाचाचा होता म्हटल्यावर म्हणाला, हां, मोठ्यासाठी थांबलीस, बरोबर केलंस. पोप अँड यंग या धनुष्यानं शिकार करणाऱ्यांच्या संस्थेच्या नोंदवहीत एल्क जायला शिंगांचं मोजमाप २६० इंच लागतं, हे त्याला पाठ. मी म्हटलं तसं नाही. त्यानं मान डोलावली, म्हणजे त्याला ते पटलं नव्हतं.

मोठ्यासाठी मी थांबले नव्हते हे मला पक्कं माहीत आहे. पण सहावा मी शोधला, हेही पक्कं माहीत आहे.

इथल्याच क्रेस्टेड ब्यूट गावाला ती प्रसिद्ध शिंगं बघायला गेलो होतो तेव्हाचं आठवलं. १८९९ मध्ये जॉन प्लूट नावाच्या माणसानं डार्क कॅनियनमध्ये तो बुल मारला. शिंगांचं अधिकृत मोजमाप व्हायला साठेक वर्षं गेली, तेव्हा ती ४४२ इंचांच्या वर भरली आणि कितीतरी वर्षं जगात पहिली राहिली. मारताना तो आकडा कुणाच्याच डोक्यात नव्हता. मला तेव्हा त्या माणसाचा हेवा वाटला होता. आजही वाटतो.

असो. बाण का नाही सोडला?

कारण तो समोरून होता. एवढंच. एल्कवर समोरून बाण मारता येतो, कायद्यानं बंदी नाही, आणि मारणारे जवळून मारतातही. छातीच्या हाडाच्या वर, मान जिथं धडाला जुळते तिथं मोसंबीएवढी जागा आहे. तिथं बाण गेला तर जनावर काही सेकंदांत खाली येतं. दोन बोटं इकडंतिकडं झाली तर तो खांद्याच्या मांसात रुततो, बुल पळतो, आणि मग रात्रभर टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरायचं, आणि तरी तो सापडत नाही, आणि कुठंतरी दोन-तीन दिवसांनी मरतो. माझं धनुष्य पंचेचाळीस पौंडांचं आहे. इथं किमान पस्तीस लागतात, म्हणजे कायद्याला पुरतं. बाजूनं, फासळ्यांमधून दोन्ही फुफ्फुसांत बाण घालायला तर चांगलंच पुरतं. समोरून हाड लागलं तर पुरत नाही. हे मी डोंगरावर ठरवलेलं नाही. हे गॅरेजमध्ये, उन्हाळ्यात, आजोबांबरोबर लक्ष्यावर बाण मारताना ठरलेलं आहे: समोरून नाही, कधीच नाही, कितीही जवळ असला तरी.

म्हणून मी थांबले. धनुष्य ओढलंसुद्धा नव्हतं. तो माझ्या दिशेनं बघत होता, आणि बघत असताना हात हलवला की गेलाच तो. ओढायचं ते त्याचा डोळा झाडाआड गेल्यावर. डावीकडं एक जाड स्प्रूस होता. त्यानं दोन पावलं तिकडं टाकली असती तर डोळा आड गेला असता, मी ओढलं असतं, तो पलीकडून बाहेर आला असता तेव्हा त्याची कूस माझ्यासमोर आली असती, आणि मी त्याला मारलं असतं. जराही न कचरता. आनंदानं, हा शब्द लिहायला जड जातोय, पण आनंदानं.

त्यानं ती दोन पावलं टाकली नाहीत. नाकपुड्या फुलवल्या, आजोबांच्या आवाजाकडं बघितलं, मादी कुठं दिसेना म्हणून असेल, आणि जसा आला तसाच, उतार धरून, मागं वळून गेला. वळतानाही पाठ आणि ढुंगणच दिसलं, कूस कधी दिसली नाही.

मग आईनं कुठल्या बुद्धीबद्दल देवाचे आभार मानले?

दया आलीच नव्हती मला. आली असती तर मी सांगितलं असतं. त्याच्या पापण्या दिसत होत्या, नाकावर बसलेली माशी दिसत होती, दोन-तीन वर्षांचा कोवळा नर होता तो, आणि मला फक्त त्याचा खांदा हवा होता. मावशीला वाटतंय मी जीवदान दिलं. आजोबा खाली उतरताना म्हणाले, शिस्त पाळलीस, याचा मला अभिमान आहे. ऑफिसातल्याला वाटतंय मी मोठ्यासाठी थांबले. तिघांनी तीन वेगवेगळ्या बायका उभ्या केल्या, आणि त्या डोंगरावर गुडघ्यावर बसलेली जी होती तिच्याबद्दल कुणी विचारलंच नाही. रात्री हे आठवून रडूही आलं. इकडं मी बाण मारणारी देशी बाई, तिकडं मी वाट चुकलेली पोर. बाबा असते तर त्यांनी निदान विचारलं असतं, मग पुढं काय झालं. जाऊ दे ते.

चंद्रपूरच्या बाजूला वाढलेल्या माणसाला हे समजावणं अवघड आहे, हे मला कळतं. तिकडं शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. सांबर दिसलं की आम्ही श्वास रोखून बघायचो, तेवढंच. इथं गोष्ट उलट्या बाजूनं घडली. बाजारासाठी मारून मारून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोराडोत एल्क संपतच आले होते. वायोमिंगहून रेल्वेनं आणून सोडावे लागले. आज अडीच लाखांच्या वर आहेत, आणि त्यांना राखायचा खर्च मोठ्या प्रमाणात आमच्यासारख्यांच्या परवान्यांतून आणि शिकारीच्या सामानावरच्या करातून निघतो. हे सगळं मी आईला सांगितलेलं आहे, तिनं ऐकूनही घेतलंय. पण कळपाचं गणित कळपापुरतं. माझ्यासमोर एकच होता.

खरं खुपतंय ते हे असावं. तो जिवंत आहे तो माझ्यामुळं नाही. त्यानं खांदा वळवला नाही म्हणून आहे. माझा वाटा इतकाच, की जे मी करायचं नाही असं जूनमध्ये ठरवलं ते सप्टेंबरात केलं नाही. एवढा मोठा क्षण, आणि त्यात मला ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला त्या वेळी काहीतरी ठरवायचं होतं. हो किंवा नाही, पण माझं. बहुतेक म्हणूनच मी सहावा मोजत होते. हाताला काम नव्हतं, म्हणून डोळ्यांनी शोधून काढलं.

हे वाक्य लिहिलं आणि जरा हलकं वाटलं. चहा करून आले.

आता वाटतंय, असंच असायला हवं. सोळा यार्डांवर, छातीत धडधडत असताना, समोर तेवढं देखणं जनावर असताना जे सुचेल त्यावर कुणाचा जीव अवलंबून राहू नये. माझ्या दयेवरही नको. दया त्या दिवशी आली नाही, पुढच्या वेळी कदाचित येईल, त्याच्या पुढच्या वेळी नाही येणार. तिचा काय भरवसा? गॅरेजमध्ये, थंड डोक्यानं ठरवलेलं जास्त बरं. आजोबा शिस्त म्हणाले ते मला कोरडं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. त्यांना बहुतेक हेच म्हणायचं होतं. आणि त्या पोराचाही त्यात वाटा आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे? तो समोरून आला, समोरूनच बघत राहिला, संशय आला तेव्हा वळला. त्याचं त्यानं बघितलं.

आईला मात्र सांगणार आहे, शनिवारी पुन्हा शिकारीला जायच्या आत. तिचा आनंद थोडा कमी होईल. पण शनिवारी खाली उतरताना माझ्या पाठीवर मांस असेल, आणि मग ती म्हणेल, गेल्या वेळी तर सोडलंस, या वेळी काय झालं तुला? त्याआधीच तिला कळू दे, की दोन्ही वेळा मी तीच होते.

आणि मोजणीबद्दल एक ठरवलंय, ते इथं लिहून ठेवते. चौथा फाटा दिसला की मोजणं बंद. त्यानंतर शिंगांकडं बघायचंच नाही, फक्त खांद्याकडं. आजोबांना संध्याकाळी फोन केला तेव्हा हे सांगितलं. ते म्हणाले, सोपं नाही ते, मला जमायला पुष्कळ वर्षं लागली. मग म्हणाले, या वेळी वरच्या टेकाडावर बसू, तिथला वारा उशिरा उलटतो.