गुरगुरणारे कुत्रे परत आणून सोडू का?

शेल्टरमधून कुत्रे घरी नेलेल्या माणसाचा फोन बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि शब्द थोडेफार बदलले तरी प्रश्न एकच असतो : "ताई, पहिले आठ दिवस एकदम गरीब होतं, आता गुरगुरायला लागलंय. परत आणून सोडू का?" कोल्हापूरजवळच्या एका शेल्टरमध्ये मी दर रविवारी काम करते. कुत्रे दत्तक देताना घरच्यांशी बोलण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हा फोनही माझ्याकडेच येतो. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी घाईघाईने न सांगता नीट लिहून सांगते. लगेच परत आणू नका, आणि गुरगुरल्याबद्दल त्याला एकदाही मारू नका किंवा दरडावू नका. यातली दुसरी गोष्ट मी माझ्याच घरात शिकले, आणि ती शिकण्याची किंमत माझ्या भाचीने मोजली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली आणि नदीकाठच्या गावांतली माणसे आणि जनावरे जमेल तशी बाहेर काढली गेली. मालकाचा पत्ता न लागलेला एक तांबडा नर त्या दिवसांत माझ्या घरी आला. ताटलीजवळ कोणी गेले की तो घशातल्या घशात गुरगुरायचा. जो हात खाऊ घालतो त्याच्यावरच गुरगुरणे मला मुळीच खपले नाही, आणि मी वर्तमानपत्राची सुरळी करून दर वेळी त्याच्या तोंडासमोर आपटू लागले. तीन आठवड्यांत गुरगुरणे थांबले आणि तो सुधारला असे मी सगळ्यांना सांगितले. चौथ्या आठवड्यात माझी भाची त्याची ताटली उचलायला वाकली आणि त्याने कसलाही आवाज न करता तिचे मनगट धरले. आम्ही नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली आणि सरकारी दवाखाना गाठला. रक्त आलेली जखम असल्यामुळे तिला रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजच्या विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे) द्यावे लागले, आणि पुढे तारखा पाळून लसीचे सगळे डोस पुरे केले. (घरातले एक वडीलधारे तिखट आणि चुना आणायला उठले होते, चावलेल्या जागी यातले काहीही कधीही लावू नये.) दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवले, ते ठणठणीत राहिले. त्या दहा दिवसांत मला कळले की ताटली हिसकावली जाईल ही त्याची भीती पहिल्या दिवशी होती तेवढीच होती; ती सांगायची त्याची सोय मात्र मी काढून घेतली होती.

गुरगुरणे हा कुत्र्याचा पहिला शब्द नसतो, बराच उशिराचा असतो. त्याच्या आधी ते कितीतरी गोष्टी करून पाहते, आणि त्या इतक्या बारीक असतात की घरातल्या धांदलीत आपल्याला दिसतच नाहीत. झोप आलेली नसताना ते जांभई देते. समोर खाणे नसताना जीभ झटकन नाकावर फिरवते. तोंड एका बाजूला वळवते, पण डोळे तुमच्यावर ठेवते, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसते. मग हलणारे अंग एकदम थांबते. हे गोठल्यासारखे थांबणे ज्याला ओळखता आले त्याला निम्मे कुत्रे कळले असे मी म्हणेन, कारण गुरगुरणे किंवा दात लावणे बहुधा त्याच्या पाठोपाठच येते. शेपटी हलते म्हणजे कुत्रे खूश आहे, या समजुतीवरही फार विसंबू नका. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकत हलते आणि अनोळखी, वरचढ वाटणारे कुत्रे समोर आले की डावीकडे. एवढी बारकाई घरी जमणार नाही, पण ताठ उभारून आखूड फटक्यांनी हलणारी शेपटी आणि कमरेसकट सैल हलणारी शेपटी यांतला फरक कोणालाही दिसू शकतो.

मग हे सगळे दुसऱ्या आठवड्यातच का सुरू होते? पहिल्या आठवड्यातल्या ज्या वागण्याला तुम्ही गरीब म्हणता, ते बहुतेक वेळा भेदरून मिटून गेलेले कुत्रे असते. शेल्टरमध्ये एकाने भुंकायला सुरुवात केली की पन्नास जण त्याला साथ देतात, त्यामुळे कुत्र्याला सलग शांत झोप क्वचितच मिळते. तिथून ते एका दुपारी रिक्षात बसून तुमच्याकडे येते. तिथे फोडणीचा वास, मिक्सरचा आवाज, जिन्यावरून येणारी जाणारी माणसे यांतले काहीच त्याच्या ओळखीचे नसते. ते कोपरा धरून बसते, दिलेले निमूट खाते किंवा खातही नाही. दत्तक देणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात : पहिले तीन दिवस धास्तीचे, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, आणि तीन महिन्यांनी ते घर त्याला आपले वाटू लागते. कुत्र्यागणिक हा हिशेब मागेपुढे होतो, पण दुसऱ्या आठवड्यात आवाज फुटणे त्यात चपखल बसते. आता आपण काही सांगितले तर ऐकले जाईल का, हे ते अजमावून पाहत असते.

शिवाजी पेठेतल्या एका घरातून असाच फोन आला होता. नवरा फाउंड्रीत पाळीवर जाणारा, बायको घरी शिवणकाम करणारी, सहा वर्षांचा मुलगा आणि म्हातारी आजी. दोन-अडीच वर्षांची काळी गावठी मादी त्यांनी नेली होती, आणि ती मुलावर गुरगुरू लागली होती. मी गेले आणि तासभर नुसती बसून राहिले. तिचे पोते दाराच्या आड टाकलेले होते. रस्त्यावरून थेट घरात येणाऱ्या प्रत्येकाचा पाय तिच्या शेपटीवरून जायचा, आणि दार उघडले की ती भिंत आणि फळी यांच्या मध्ये चेपली जायची. मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकले आणि प्रेमाने तिच्या गळ्यात पडला. मी पाहत होते : जीभ नाकावर गेली, मान भिंतीकडे वळली, डोळ्याची पांढरी कोर दिसली, अंग थांबले, आणि मग ती गुरगुरली. या सगळ्याला चार सेकंदसुद्धा लागले नसतील. तिने चार वेळा नको म्हटले होते आणि पाचव्यांदा आवाज चढवला होता. उठून जावे, तर तिच्यामागे भिंत होती.

आम्ही पोते तिथून उचलून शिलाई मशीनच्या पलीकडच्या कोपऱ्यात टाकले, जिथून कोणाला जायचे-यायचे नव्हते, आणि त्या पोत्यावर ती असताना तिला कोणीही हात लावायचा नाही असे ठरले. मुलाने तिच्याकडे जायचे नाही, तिला बोलवायचे. आली तर गळ्याखाली तीन वेळा खाजवायचे आणि हात मागे घ्यायचा. ती पुन्हा पुढे सरकली तर पुन्हा खाजवायचे, नाही तर सोडून द्यायचे. शेजारून जाताना उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा तिच्या पुढ्यात टाकून न थांबता निघून जायचे, म्हणजे माणूस जवळ येणे ही तिला चांगली गोष्ट वाटू लागते. ती जेवत असताना ताटलीला कोणी हात लावायचा नाही. मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय दोघांना एकत्र सोडायचे नाही, हा नियम आजीने आपल्याकडे घेतला आणि तो घरातल्या कोणापेक्षाही काटेकोर पाळला.

त्याच दिवशी शेजारचे एक काका दारात उभे राहून म्हणाले, "दोन ठेवून द्या की, मालक कोन हाय ते कळाय नको?" हा सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून त्याचे मूळ सांगते. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून त्यांच्यातल्या वर्चस्वाच्या झगड्याबद्दल लिहिले, आणि पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे कळपाच्या म्होरक्याची कल्पना घरोघरी पोचली. त्याच मेच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यानंतर १९९९ मध्ये मांडले की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंब असते. एकमेकांची नसलेली जनावरे एका कुंपणात कोंडल्यावर जे दिसते, ते रानातले वागणे नव्हे. कुत्र्याला लाथ घालून मालक होण्याच्या सल्ल्याला लांडग्यांचाही आधार उरलेला नाही.

काही गोष्टी थोडक्यात. आतापर्यंत शांत असलेले कुत्रे अचानक चिडके झाले, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण कानातला पू, किडलेला दात किंवा दुखरा सांधा याची तक्रार ते वागण्यातूनच करते. मटणाची शिजलेली हाडे आणि कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतात. विसर्जनाच्या रात्री त्याला आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून कोणाच्या तरी सोबत ठेवा, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. आपल्याला छातीत धडधडणारा तो आवाज सोसत नाही, आणि कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तिखट असतात. घाबरून पळालेले कुत्रे त्या गर्दीत सापडणे फार अवघड जाते.

आता परत आणण्याबद्दल. परत आणणे हे पाप आहे असे मी मानत नाही, आणि तसे बोलणाऱ्यांमुळे नुकसान झालेले मी पाहिले आहे : लाजेपोटी माणसे फोन करत नाहीत आणि एखाद्या रात्री कुत्रे हायवेला सोडून येतात. कधीकधी परत आणणेच बरोबर असते. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका शेतकरी कुटुंबाला आम्ही मुधोळच्या अंगाचे, कारवानी वळणाचे कुत्रे दिले आणि त्याने महिन्याभरात त्यांच्या सात कोंबड्या मारल्या. नजरेने सावज हेरून धावण्यासाठीच ही जात पिढ्यान् पिढ्या राखली गेली, तेव्हा अंगणात कोंबड्या असलेल्या घरी ते देणे ही आमची चूक होती. त्यांनी ते परत आणले, ते कसे, केव्हा, कशामागे धावते हे सगळे मोकळेपणाने सांगितले, आणि त्या माहितीमुळेच आम्हाला त्याच्यासाठी शहरातले, उंच कुंपणाचे घर शोधता आले. गुरगुरल्याची, चावल्याची गोष्ट लपवून परत केलेले कुत्रे मात्र पुढच्या घरातल्या एखाद्या मुलाला धोक्यात घालते.

तेव्हापासून आम्ही कुत्रे देताना त्याच्याबद्दलचे सगळे, वाईटसुद्धा, तोंडावर सांगतो आणि तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी आपण होऊन फोन करतो, कारण कुत्र्याइतकेच ते घरही त्या दिवसांत धास्तावलेले असते. तीन आठवडे झोप न झालेल्या बाईला "प्रेम द्या, सगळं ठीक होईल" असे सांगून भागत नाही. पोते कुठे टाकायचे आणि आज दुपारी काय करायचे, हे तिला सांगणारे कोणी तरी लागते.

म्हणून तुमचे उत्तर ठरवण्याआधी मला दोन गोष्टी हव्या आहेत. त्याची झोपायची जागा आणि तिथून बाहेर पडायची वाट यांचा फोटो पाठवा. आणि त्याला मुद्दाम न चिडवता, घरातल्या एरवीच्या वावराचा एखादा व्हिडिओ निघाला, तर गुरगुरण्याच्या आधीचा अर्धा मिनिट त्यातून कापू नका. मी रविवारी दुपारनंतर मोकळी असते. तोवर मुलांना पोत्यापासून लांब ठेवा, आणि ते गुरगुरले तर दोन पावले मागे या.