पाच मिनिटे थांबण्याचा नियम

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरामागच्या अंगणात गॅसची शेकोटी पेटवत होते, तेव्हा शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी कुंपणापलीकडून हात वर करून मला थांबवले. ठिणगीचे बटण तीनदा दाबूनही ज्योत धरली नव्हती आणि चौथ्यांदा दाबण्यासाठी माझे बोट बटणावर टेकले होते. ते आत आले, त्यांनी शेकोटीचा नॉब बंद केला, खाली वाकून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि घड्याळाकडे पाहत, आता पाच मिनिटे इथे कोणी काहीही पेटवायचे नाही, असे शांतपणे सांगितले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तरीही मला राग आला.

रागाचे कारण सांगितले तर तुम्हाला पटेल. गॅसच्या सिलिंडरशी आपला परिचय लहानपणापासूनचा असतो. वास आला की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आधी खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, रबरी नळीला चिरा पडल्या की ती बदलायची, हे आपल्याला कोणत्याही पुस्तिकेतून शिकावे लागत नाही. इथे परदेशात मात्र शेकोटीबरोबर चाळीस पानांची पुस्तिका येते आणि तिच्या प्रत्येक पानावर इशाऱ्यांच्या चौकटी असतात. ज्यांच्या घरात विजेची शेगडी आहे, ज्यांनी आयुष्यात सिलिंडर फारसा हाताळलेला नाही, अशांसाठी ती लिहिली असावी असे मी मनाशी ठरवून टाकले होते. शिवाय स्वयंपाकघराला चार भिंती असतात आणि शेकोटी उघड्यावर असते. उघड्यावर सुटलेला गॅस वाऱ्याबरोबर निघून जाईल, त्यात पाच मिनिटे वाट पाहण्यासारखे काय आहे, असा माझा प्रश्न होता.

मात्र तो राग शांत झाल्यावर मी रात्री कागद घेऊन बसले आणि हिशेब मांडला. तो इथे सविस्तर देते, कारण शेकोटीविषयीच्या सगळ्या सूचनांमध्ये हीच एक सूचना मला सर्वांत निरर्थक वाटत होती.

माझ्या शेकोटीची कमाल आच ताशी ५०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एक एकक), म्हणजे सुमारे साडेचौदा किलोवॅट आहे. एवढी आच देण्यासाठी तासाला साधारण एक किलो प्रोपेन, म्हणजे इथल्या सिलिंडरमधला गॅस, जळतो. म्हणजे नॉब पूर्ण उघडा ठेवून अर्धा मिनिट ठिणग्या पाडत बसले आणि ज्योत धरली नाही, तर आठ ग्रॅमहून थोडा अधिक गॅस न जळता बाहेर पडतो. आठ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण वायुरूपात ते साडेचार लिटर होतात. हवेत प्रोपेनचे प्रमाण २.१ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते आणि ते साधारण साडेनऊ टक्क्यांपर्यंत पेटण्याजोगे राहते. त्या साडेचार लिटरांपासून दोनशे लिटरांहून अधिक ज्वलनशील मिश्रण तयार होऊ शकते. मी टेपने शेकोटीखालचा कप्पा मोजला, जिथे सिलिंडर उभा असतो. तो सुमारे १८० लिटरांचा भरला. माझे तीन प्रयत्न मिळून अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ झाला होता.

राहिला वाऱ्याचा प्रश्न. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. तो वर उठून निघून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साचतो. गॅसची शेकोटी हा तसा खोलगट भांड्याचाच प्रकार आहे. वर धातूचे पसरट कुंड, त्यात बर्नरचे कडे, त्यावर लाव्हा खडकाचे तुकडे आणि खाली चारही बाजूंनी बंद असलेला कप्पा. गॅस खडकांच्या फटींमध्ये रेंगाळतो आणि बर्नरभोवतीच्या फटींतून कप्प्यात उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून कप्प्याच्या तळाशी समोरासमोर दोन झरोके ठेवलेले असतात. त्यांतला एक मी लाकडी फळी लावून बंद केला होता. थंड वारा आत शिरून ज्योत विझते असा माझा अंदाज होता आणि तो अगदीच चुकीचाही नव्हता, पण उपाय करायची ती जागा नव्हती. शेजाऱ्यांनी त्या पाच मिनिटांत पहिली गोष्ट केली ती फळी काढून ठेवण्याची. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांचे हे न बोलणे मला आजही आठवते.

आता मी पेटवण्याआधी गुडघ्यांवर बसून झरोक्याजवळ वास घेते. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात सहसा इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. उभ्याने वास आला नाही म्हणजे गॅस नाही असे मानता येत नाही, कारण तो पायांपाशी असतो. शिवाय नाकाला एखाद्या वासाची काही मिनिटांत सवय होऊन जाते, म्हणून बराच वेळ शेकोटीपाशी घालवलेल्या माणसाने केवळ नाकावर विसंबू नये.

ज्योत का धरत नव्हती, याचा शोध दुसऱ्या दिवशी लागला. ठिणगी पाडणाऱ्या उपकरणातील बॅटरी दमट हवेने गंजली होती. ती बदलल्यावर शेकोटी पेटली, पण ज्योत जेमतेम बोटभर उंच होती. इथे आपली सवय आडवी आली. आपल्याकडचा रेग्युलेटर खटकन बसतो आणि त्याचा खटका आपण एका झटक्यात फिरवतो. इथल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तसा झटक्यात उघडला, तर जोडणीतील प्रवाह-रोधकाला नळी तुटून गॅस वाहत असल्याचा भास होतो आणि तो प्रवाह अगदी थोड्यावर आणून ठेवतो. नॉब आणि व्हॉल्व्ह दोन्ही बंद करायचे, जोडणी सोडवून काही वेळ थांबायचे, पुन्हा जोडून व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा, एवढे केले की ज्योत पूर्ववत होते. सिलिंडरमध्ये २० अंश तापमानाला सात ते आठ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) इतका दाब असतो आणि रेग्युलेटर तो बारच्या काही शतांशांवर आणतो, हे लक्षात घेतले तर या रोधकाची काळजी अवाजवी वाटत नाही. मला या रचनेचे मनापासून कौतुक वाटते.

मात्र एका बाबतीत आपली शिकवण तसूभरही कमी नाही, आणि ती म्हणजे साबणाचे पाणी. भांडी धुण्याचा द्रव साबण आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन मऊ ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचे, व्हॉल्व्ह उघडायचा, बर्नरचा नॉब मात्र बंदच ठेवायचा आणि बुडबुडे फुगतात का ते पाहायचे. काडी पेटवून गळती शोधण्याचा अविचार कधीही करू नये. मी दर वेळी सिलिंडर बदलला की हे करते. शेजाऱ्यांनी आपल्या शेकोटीची अशी तपासणी मोसमाच्या सुरुवातीला एकदा केली होती, त्यानंतर दोन सिलिंडर बदलले होते. परवा मी त्यांच्या अंगणात जाऊन साबणाचे पाणी लावले आणि रेग्युलेटरच्या जोडापाशी बारीक बुडबुड्यांची रांग उठली. त्यांनी लगेच व्हॉल्व्ह बंद केला आणि माझे आभार मानले. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

थंडीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण घरून फोनवर सतत विचारणा होते की एवढ्या गारठ्यात गॅस कसा चालतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणे थांबवतो, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो, म्हणून कडक थंडीच्या प्रदेशात प्रोपेनच वापरतात. तरीही मोठ्या आचेवर तासभर शेकोटी चालली की सिलिंडरच्या खालच्या भागावर हिमाचा पांढरा थर जमतो आणि ज्योत खाली येते. द्रव गॅस वायू होताना सिलिंडरचीच उष्णता शोषून घेतो, त्याचा हा परिणाम असतो. त्यावर उपाय आच कमी करणे हाच आहे, सिलिंडरला कोणत्याही प्रकारे तापवणे नव्हे. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत आवाक्याबाहेर जाऊ शकते. भरलेला जादा सिलिंडर शेकोटीच्या कप्प्यात ठेवायचा नाही आणि घरात तर मुळीच आणायचा नाही.

देखभालीत सर्वांत आश्चर्याची गोष्ट कोळ्यांची निघाली. बर्नरला हवा पुरवणाऱ्या अरुंद नळीत कोळी जाळे विणतात. जाळे एवढेसे असते, पण त्याने हवेचा आणि गॅसचा मार्ग अडतो, ज्योत धुरकट पिवळी होते आणि क्वचित आग नळीतून मागे, नॉबच्या दिशेने येते. मोसमाच्या सुरुवातीला ती नळी लवचीक ब्रशने साफ करणे म्हणूनच आवश्यक आहे. शेकोटीची ज्योत थोडी पिवळी असणे अपेक्षितच आहे, कारण तापलेल्या कार्बनकणांची ती पिवळी झळाळीच दूर बसलेल्यालाही ऊब देते. पण खडकांवर काळी काजळी साचू लागली, तर हवा कमी पडते आहे असे समजून शेकोटी बंद करावी.

खडकांच्या बाबतीत हौस बाजूला ठेवावी. ओढ्यातले गुळगुळीत गोटे सुंदर दिसतात, पण त्यांच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि तुकडे उडतात. उत्पादकाने सांगितलेलेच लाव्हा खडक किंवा कडक केलेल्या काचेचे खडे वापरावेत, तेही बर्नर जेमतेम झाकला जाईल एवढेच. पावसात भिजलेले असतील तर आधी मंद आचेवर वीस मिनिटे वाळू द्यावेत आणि तेवढा वेळ सर्वांनी लांब बसावे.

नॉब दाबून धरण्याचा कंटाळा अनेकांना येतो. तो दाबून धरताना ज्योतीजवळची थर्मोकपल नावाची दांडी तापत असते. दोन वेगळे धातू जोडून एक टोक तापवले की सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, हे योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते. त्याच विजेच्या बळावर सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की दांडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद होतो. ही दांडी काजळीने माखली तर ज्योत टिकत नाही. अशा वेळी नॉब चिकटपट्टीने दाबून ठेवण्याची युक्ती मला एका परिचिताने सुचवली होती. तिने ती एकमेव सुरक्षा निकामी होते, म्हणून मी त्यांना स्पष्ट शब्दांत नकार दिला.

जागेविषयी माझ्या पुस्तिकेत चोहोबाजूंनी किमान ९० सेंटीमीटर आणि वर दोन मीटरांहून अधिक मोकळी जागा सांगितली आहे. छपराखाली, तंबूत किंवा गॅरेजचे दार उघडे ठेवून आत ती पेटवू नये, कारण अपुऱ्या हवेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. जोडापाशीच आग लागली, तर पाणी ओतून ज्योत विझवण्याच्या मागे लागू नये. न जळता वाहणारा गॅस साचतो आणि पुन्हा भडकतो. हात पोहोचत असेल तर प्रथम व्हॉल्व्ह बंद करावा, पोहोचत नसेल तर सर्वांना दूर नेऊन अग्निशमन दलाला बोलवावे.

काल संध्याकाळी नळी वाकवून पाहिली, तेव्हा रेग्युलेटरपासून चार बोटांवर बारीक चिरा दिसल्या. त्यांतून बुडबुडे येत नाहीत, तरीही मी सिलिंडर सोडवून अंगणाच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला आहे आणि त्याच्या तोंडाला टोपण लावले आहे. नवी नळी शनिवारी यायची आहे.