ब्रँड स्ट्रीटचा फुटपाथ

ग्लासगोतल्या केनम्यूर स्ट्रीटचा विषय निघाला की लोक माझ्याकडे वळतात, कारण मी तिथून दोन गल्ल्या सोडून राहते. १३ मे २०२१, ईदचा दिवस. सकाळी होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, व्हॅन आली, दोन भारतीय माणसांना घरातून आणून आत बसवलं, आणि एक जण सरळ व्हॅनखाली शिरून आडवा झाला. झालं, व्हॅन हलेना. फोन फिरले, माणसं येत गेली, शेकडो झाली. "हे आमचे शेजारी आहेत, त्यांना सोडा," एवढीच घोषणा. वकील आमिर अन्वर मध्ये पडले आणि साधारण आठ तासांनी, संध्याकाळी, पोलिसांनी दोघांना सोडून दिलं. मी रात्रपाळी करून झोपले होते, दुपारी उठून गेले, बराच वेळ उभी राहिले, कुणीतरी हातात दिलेलं केळं खाल्लं आणि पुन्हा ड्युटीवर गेले. माझं कर्तृत्व एवढंच.

तेही सांगून टाकते, कारण भारतातून फोन येतात तेव्हा हमखास घोळ होतो: ते दोघे आश्रय मागायला आलेले नव्हते. त्यांचा मामला व्हिसाचा होता आणि ते जवळजवळ दहा वर्षं इथे राहत होते. गल्लीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

तो दिवस मोठाच. पण त्याच्यावर इतकं लिहून-बोलून झालंय की ऐकणाऱ्याला वाटतं, ग्लासगोची माणसं जात्याच प्रेमळ, व्हॅन दिसली आणि धावली. तसं काही नाही हो. १९९९ च्या कायद्यानंतर आश्रयार्थींना लंडनबाहेर पाठवायला सुरुवात झाली आणि ग्लासगोतल्या रिकाम्या पडलेल्या उंच इमारती त्यांना मिळाल्या. आसपासचे लोक आधीच गरिबीने गांजलेले, त्यांना कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. २००१ मध्ये साइटहिल भागात फिरसात दाग या कुर्दिश तरुणाचा खून झाला. बावीस वर्षांचा होता. या शहराची सुरुवात तिथून आहे, हे विसरून चालत नाही.

मग बदललं कसं? माझ्या मते जिन्यात भेटून, मुलं एका शाळेत गेल्यामुळे, आणि काही चिवट बायकांमुळे. २००५ च्या सुमारास पहाटे धाडी पडायच्या. दार फोडून कुटुंबं उचलायचे, मुलं नाइट ड्रेसमध्ये. स्कॉट्सटनजवळच्या किंग्जवेच्या इमारतींमध्ये जीन डॉनाची आणि नोरीन रिअल या तिथल्याच रहिवासी बायकांनी पहाटेचा पहारा सुरू केला. कडाक्याच्या थंडीत खाली उभं राहायचं, व्हॅन दिसली की फोन करायचे, आणि कुटुंबांनी तोवर शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसायचं. या काही चळवळीतल्या बायका नव्हत्या. डॉनाची आजी झालेल्या होत्या. त्याच वर्षी ड्रमचॅपल हायस्कूलमधल्या मुलींनी आपल्या मैत्रिणीला, अग्नेसा मुर्सेलाईला, धाडीत उचलून नेल्यावर सह्या गोळा करून, मंत्र्यांना गाठून तिला परत आणवलं. त्यांचे शिक्षक यूअन गर्व्हन पाठीशी उभे राहिले. त्या मुलींपैकी रोझा सालेह २०२२ मध्ये ग्लासगोची नगरसेविका झाली. निर्वासित म्हणून येऊन स्कॉटलंडमध्ये निवडून आलेल्या पहिल्या काही जणांपैकी ती एक.

आता मी जे करते ते. त्यात कॅमेऱ्यात टिपण्यासारखं काही नाही.

गोव्हनच्या बाजूला ब्रँड स्ट्रीटवर होम ऑफिसचं कार्यालय आहे. ज्याचा अर्ज प्रलंबित आहे किंवा फेटाळला गेलाय, त्याला ठरलेल्या दिवशी तिथे हजेरी लावावी लागते. कुणाला आठवड्याला, कुणाला पंधरवड्याला, कुणाला महिन्याने. कोविडनंतर काहींची हजेरी फोनवर गेली, पण सगळ्यांची नाही. हजेरीला गेलेल्या माणसाला तिथूनच स्थानबद्ध करता येतं, हे त्याला माहीत असतं. म्हणून आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोटात कळ, आणि तरीही गेलं नाही तर तोही गुन्हाच. जवळच इब्रॉक्स स्ट्रीटवर यूनिटी सेंटर याच गरजेतून उभं राहिलं. पद्धत अगदी साधी: आत जाण्याआधी तिथे नाव नोंदवायचं, बाहेर आलं की परत सांगायचं. कुणी आलं नाही, तर वकिलाला फोन. आमचा चार-पाच जणांचा गट आजही तेच करतो. ना नाव, ना पाटी, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक शंभर पानी वही.

वहीत काय काय लिहायचं, ते अनुभवाने ठरत गेलं. नाव, आत गेल्याची वेळ, वकिलाचा नंबर, घरी मूल असेल तर शाळा कधी सुटते आणि आणायला कोण जाईल. मी नर्स असल्यामुळे माझी भर एकच, औषधांची चिठ्ठी. इन्सुलिन किती युनिट, बीपीची गोळी कुठली, फिट येते का, दमा आहे का. चिठ्ठी दोन प्रतींत, एक त्याच्या खिशात, एक आमच्याकडे. माणसाला स्थानबद्ध केलं तर त्याचा कॅमेऱ्याचा फोन काढून घेतात आणि साधा फोन देतात. मग सगळे नंबर गेले! म्हणून बॉलपेनने कागदावर, आणि कागदावर विश्वास नसेल तर मनगटाच्या वर. पहिल्यांदा एका मुलाच्या हातावर नंबर लिहिला तेव्हा तो हसला, म्हणाला, शाळेत कॉपी करायचो तसं वाटतंय.

बाकी वेळ नुसतं उभं राहायचं. पाऊस असतोच. फ्लास्कमधला चहा, त्यात आलं भरपूर, साखर इथल्या लोकांना कमी लागते पण आमच्या सुदानी मंडळींना माझ्याहून जास्त. एकदा एक काका आत गेले ते येईचनात. तास झाला, दीड झाला. वहीवर नजर, वकिलाला फोन लावला, मैत्रिणीने त्यांच्या घरी कळवलं. आणि काका? आम्ही उलटी झालेली छत्री सरळ करत होतो तेव्हाच ते बाहेर पडून, सुटकेच्या आनंदात थेट बसस्टॉपकडे गेले होते. घरी पोचून बायकोच्या हातची डाळ खात होते. वकीलबाई फोनवर इतक्या हसल्या की मला आणखीच राग आला. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढलाय, 'बाहेर आल्यावर आम्हाला तोंड दाखवलं का'.

बसस्टॉपवरून आठवलं. स्वयंपाकाची सोय असलेल्या घरात राहणाऱ्या आश्रयार्थीला आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स मिळतात. हॉटेलात ठेवलं असेल आणि जेवण मिळत असेल तर दहा पौंडांच्या आत. ग्लासगोत दिवसभराचं बसतिकीट पाच पौंडांच्या पुढे. हजेरी, वकील, डॉक्टर, इंग्रजीचा वर्ग; करा हिशोब. म्हणून इथल्या आश्रयार्थींनीच मोफत बसप्रवासाची मागणी लावून धरली. स्कॉटिश सरकारने आधी कबूल केलं, २०२४ मध्ये पैसे नाहीत म्हणून मागे घेतलं, आणि ओरड झाल्यावर पुन्हा मान्य केलं. मला ही मोहीम सगळ्यात आवडते. बसमध्ये बसता येणं ही एवढी साधी गोष्ट मागायला माणूस संसदेच्या दारात उभा राहतो, आणि समोरच्या आमदाराला काय बोलावं ते सुचत नाही.

आणि काम? काम करायला बंदी. अर्जाला बारा महिने होऊन गेले आणि उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल, तर परवानगी मागता येते, तीही सरकारी यादीतल्या नोकऱ्यांपुरती. माझ्या वॉर्डात रात्री एक माणूस कमी, मी दोन माणसांचं काम करते. आणि सकाळी ब्रँड स्ट्रीटला माझ्याशेजारी एरिट्रियाचा लॅब टेक्निशियन उभा, ओपीडीत नंबर लावून विसरलेल्या पेशंटसारखा. वर टॅक्सी ड्रायव्हर मला ऐकवतो की हे लोक फुकट खातात.

आपली मराठी माणसं तरी काय वेगळं बोलतात! गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत एक पुण्याचा मुलगा, आयटीतला, चांगला हुशार, मला म्हणाला होता, "मावशी, आपण रीतसर आलो. फी भरली, परीक्षा दिल्या. यांनी रांग का मोडायची?" मी त्याला विचारलं, रांग कुठे आहे ते दाखव. आश्रय मागायला यायचा व्हिसा असा नसतोच. अर्ज करायला आधी या देशात पाऊल टाकावं लागतं, आणि जिवाच्या भीतीने पळालेल्याला बेकायदा शिरल्याबद्दल शिक्षा करू नये, असं निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलंय. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण तिबेटी लोक आपण पाहिलेत की. मिरजेत दर थंडीत स्वेटरवाले यायचे. गोंदियात गोठणगावला नॉरग्येलिंगची त्यांची वसाहत आहे, १९७२ पासून. माझ्या आईने त्यांच्याशी स्वेटरच्या भावावरून कडाक्याची घासाघीस केली, पण तुम्ही रीतसर आलात का, हे विचारलेलं मला आठवत नाही.

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मोदक घेऊन गेला.

मग २०२५ उजाडलं. मे महिन्यात वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या सरकारने, श्वेतपत्रिका काढली: कायमच्या वास्तव्याचा हक्क पाच वर्षांनी मिळायचा, तो सर्वसाधारणपणे दहा वर्षांनी द्यावा. ऑगस्टमध्ये फॉल्कर्कला आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलाबाहेर मोर्चे निघाले. नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी सांगितलं की निर्वासिताचा दर्जा यापुढे तात्पुरता, अडीच वर्षांनी पुन्हा तपासणी, आणि कायम होण्याची वाट वीस वर्षांपर्यंत. त्याच सुमारास केअर वर्करांसाठी पंधरा वर्षांचा प्रस्ताव आला. यातल्या किती जणी आपल्या केरळच्या, पंजाबच्या आणि आता सांगली-कोल्हापूरच्याही आहेत, ते वॉर्डात आणि केअर होममध्ये जाऊन बघा.

आणि मला त्याच पुण्याच्या मुलाचा फोन. चार वर्षं झालेली, एक राहिलेलं. घर घ्यायचा विचार होता, बायकोचा व्हिसा त्याच्यावर. "मावशी, हे मध्येच नियम कसे बदलू शकतात? खासदाराला पत्र लिहायचं तर कसं लिहायचं? ती ऑनलाइन याचिका असते ना?" मला टोमणा मारायचा फार मोह झाला. मारला नाही, रात्रपाळी होती आणि दमले होते. याचिकेचं सांगितलं: दहा हजार सह्यांना सरकारला उत्तर द्यावं लागतं, एक लाखाला संसदेत चर्चेसाठी विचार होतो. खासदाराचं सांगितलं: छापील मजकूर पाठवू नकोस, तुझा पगार, तुझा कर, तुझं बाळ कुठल्या नर्सरीत जातं ते लिही, आणि शनिवारी त्यांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जा. पत्र फाइलला लागतं, समोर बसलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं.

मग म्हटलं, गुरुवारी सकाळी ये ना ब्रँड स्ट्रीटला, आमच्यात एक जण कमी आहे. तुझं फ्रेंच चांगलं आहे, काँगोच्या दोन बायका आहेत.

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मावशी, यायला काही नाही, पण माझ्या अर्जाला त्रास नाही ना होणार? तिथे कॅमेरे असतील."

फुटपाथवर उभं राहणं गुन्हा नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकलं, पण पटलं असं वाटलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. वहीतल्या प्रत्येकाच्या पोटात तीच भीती असते. गुरुवारी यायचं की नाही ते तो बुधवारी रात्री कळवणार आहे.