ह्यो पैलवान कुठल्या तालमीचा?

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये मी एक फोटो लावलाय. काळी जर्सी, बगलेत बॉल, मांड्या खांबासारख्या. सुया टोचून मशीन सुरू झालं की चार तास दुसरं बघायला काही नसतं, त्यामुळं नवा पेशंट हमखास विचारतो, "दादा, ह्यो पैलवान कुठल्या तालमीचा?"

विचारलंत म्हणून सांगतो. हा जोना लोमू. ऑकलंडचा, घराणं मूळ टोंगाचं. रग्बीत विंगर, म्हणजे कडेनं सुसाट पळणारा. उंची सहा फूट पाच इंच, वजन 120 किलोच्या घरात. 1994 साली, वयाच्या 19व्या वर्षी न्यूझीलंडकडून उतरला. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला केपटाऊनात इंग्लंडवर चार ट्राय केले, म्हणजे चारदा बॉल त्यांच्या रेषेपलीकडं नेऊन टेकवला. पहिल्या ट्रायला इंग्लंडचा माईक कॅट आडवा आला, तर हा वळसाबिळसा न घालता सरळ त्याच्या अंगावरून गेला! ती क्लिप मोबाईलवर बघून एक म्हातारे वस्ताद करवादले, "म्होरं काय हुबा ऱ्हातंय खुळं? पट काढायचा!" वस्ताद बरोबरच बोलले, असल्याला पाय धरूनच पाडायचा. दक्षिण आफ्रिकेनं फायनलला त्याला मोकळं पळूच दिलं नाही. त्यांच्याविरुद्ध त्याला अख्ख्या कारकिर्दीत एकही ट्राय जमला नाही.

पण फोटो लावलाय तो वेगळ्या कारणासाठी. त्याच 1995 च्या अखेरीस त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार निघाला. यात प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि अंगाला सूज येते. 1999 च्या वर्ल्ड कपमधले आठ ट्राय त्यानं हा आजार अंगावर घेऊनच केले. आता आपल्याकडं बघा. पोराचं तोंड सुजलं तर घरचे म्हणतात, खुराक लागला, अंगावर आलाय. लघवीला फेस येतोय हे कुणी बोलत नाही, आणि एवढ्या धट्ट्याकट्ट्या गड्याची लघवी कशाला तपासायची, असाच सगळ्यांचा हिशोब. ती तपासणी किती स्वस्त असते! असली पोरं आमच्याकडं येतात तेव्हा बहुतेकदा थेट मशीनवरच येतात.

लोमू 2003 मध्ये डायलिसिसवर गेला. 2004 मध्ये ग्रँट केरिआमा या रेडिओवाल्यानं त्याला किडनी दिली आणि 2005 च्या डिसेंबरात गडी वेल्समधल्या कार्डिफ क्लबकडून परत मैदानात. हे ऐकून पेशंट जरा सावरून बसतात. मग पुढचा प्रश्न येतो, "आता कुठं असतोय?"

इथं मी थापा मारत नाही. ती किडनी 2011 मध्ये बंद पडली, पुन्हा डायलिसिस लागलं आणि 18 नोव्हेंबर 2015 ला तो गेला, 40 वर्षांचा होता. नातेवाईक डोळ्यांनी खुणावतात, कशाला सांगताय म्हणून. पेशंटचं डोकं मात्र भलतीकडंच चालू असतं: त्याला परक्याची सात वर्षं चालली, मग मला मंडळींची किती चालेल? ते डॉक्टरच सांगणार. मी ओपीडीचा वार सांगतो आणि मंडळींना बरोबर आणा म्हणतो.