पान आणि माणूस

दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, पाहुण्यांना शाल-श्रीफळाऐवजी रोप दिलं (ते पुढे लावलं जातं की नाही, हे विचारायचं नसतं), कार्यवाहांनी अहवाल वाचला. वाचनालयाच्या बालविभागाच्या मेळाव्याचा हा भाग दरवर्षी ठरल्याप्रमाणे होतो आणि त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मेळावा खरा सुरू होतो तो टेबलावरची फुलदाणी खाली जाते आणि माईक चार फुटांवर उतरवला जातो तेव्हा.

मेळावा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा त्याला लागून येणाऱ्या शनिवारी-रविवारी घ्यायचा, हे जुन्या मंडळींनी ठरवलं आणि आजवर ते बदलावंसं कुणाला वाटलेलं नाही. पाऊस गेलेला असतो, सहामाही संपलेली असते. शिवाय 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा, आणि त्यामधला आठवडा राज्यभर पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. 10 नोव्हेंबर 1659 ही प्रतापगडच्या भेटीची तारीख. 14 ला बालदिन, आणि ‘किशोर’ मासिक सुरू झालं तेही 14 नोव्हेंबर 1971 ला. बालविभागाला आणखी काय पाहिजे?

तयारी मात्र ऑक्टोबरातच लागते. पावसाळाभर कपाटात दमटलेली पुस्तकं बाहेर काढून सावलीत, वाऱ्याला, उभी आणि किंचित उघडी ठेवायची. उत्साही स्वयंसेवक ती गच्चीवर थेट उन्हात पसरतात. मग मुखपृष्ठांचे रंग उडतात आणि गोंद-बांधणीच्या पुस्तकांची पाठ कडक होऊन पहिल्या वाचकाच्या हातात मोडते. कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढायची आणि शिवणीतली धूळ मऊ ब्रशने झटकायची. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

मांडणीत एकच नियम आम्ही कधी मोडू दिला नाही: पुस्तकाची पाठ नाही, तोंड समोर. मोठा माणूस पाठीवरचं नाव वाचून पुस्तक उपसतो, सहा वर्षांचं मूल चित्र बघून हात घालतं. टेबल अडीच फुटांहून उंच नको, मागे टेकणाला फळी हवी, आणि सहा फुटी टेबलावर दोन ओळींत पंधरा-सोळापेक्षा जास्त पुस्तकं नकोत. गर्दी झाली की मुलं वरवर चाळतात आणि पुढच्या टेबलाकडे पळतात. दोरी बांधून चिमट्यांनी पुस्तकांचं तोरण लावायची हौस दर दोन वर्षांनी कुणाला तरी येतेच. फोटोत ते झकास दिसतं, पण पिनांची पातळ पुस्तकं स्वतःच्याच वजनाने पिनेतून फाटतात. खाकी कव्हरांविषयी तर बोलायलाच नको. चित्रकाराने जीव ओतून केलेलं मुखपृष्ठ झाकून त्यावर नुसता दाखल नंबर लिहायचा, याला पुस्तक जपणं म्हणत नाहीत. पारदर्शक प्लास्टिक घालावं, थोडा खर्च होतो, होऊ दे.

आता अभिवाचन. नाच आणि गाणी सगळ्याच स्नेहसंमेलनांत असतात. इथे दहा वर्षांचं मूल हातात एक पान घेऊन तीन मिनिटं वाचतं आणि अडीचशे माणसांचं सभागृह ऐकतं. एवढंच असतं, पण ज्यांनी ते ऐकलंय ते पुन्हा येतात.

पान निवडणं हे निम्मं काम. तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द पुष्कळ होतात. त्याहून लांब उतारा दिला की मूल पळायला लागतं आणि शेवटची चार वाक्यं एका श्वासात संपवतं. उताऱ्यात एखादी हालचाल हवी, एखादा आवाज हवा, निदान एक प्रश्न तरी हवा. पालक उतारा निवडतात तेव्हा त्यात बोध हमखास असतो, आणि बोध आला की मुलाच्या आवाजात आपोआप हेडमास्तर येतात. तो उतारा गोड बोलून बदलावा लागतो. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ जिथे आवाजावरून कळतं तिथे पेन्सिलीने कंसात टाकायचं. मजकूर मोठ्या टाइपात, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, आणि वाक्य पानाच्या टोकाला तुटणार नाही असा छापायचा. कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कारण थरथरत्या हातातला साधा कागद माईकमध्ये पावसासारखा वाजतो. पहिलं वाक्य तोंडपाठ हवं, म्हणजे मान वर राहते. माईक तोंडापासून वीतभर आणि जरासा बाजूला. समोरासमोर धरला तर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ सभागृहात आपटतो.

आणि हातवारे नाहीत. वक्तृत्व स्पर्धांनी मुलांना जे हात लावून दिलेत, ते काढायला दोन तालमी जातात.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचणारा कुणीतरी दरवर्षी असतोच. फुरसुंगीच्या या पोराचा ‘ट्टॉक्’ माईकवर नीट काढणं सोपं नाही. जीभ टाळूला लावून सोडली की स्पीकर दणकतो, म्हणून त्या एका क्षणासाठी तोंड बाजूला वळवायला शिकवावं लागतं. पण वाचणाऱ्याने तो काढला की मागच्या रांगेतले पन्नाशी-साठीचे लोक उत्तरादाखल तसाच आवाज काढतात, आणि पुढे बसलेली मुलं मान वळवून बघतात की ही मोठी माणसं कोण.

अभिवाचनातूनच पुढे ‘पान आणि माणूस’ हा कार्यक्रम निघाला, आणि आता मेळावा ओळखला जातो तो त्याच्यावरून. मुलाने पान वाचायचं. मग त्या पानातली गोष्ट ज्याच्या हाताखालून गेली आहे, अशा गावातल्या माणसाने पाच मिनिटं बोलायचं. त्याला खुर्चीवर बसवायचं. उभं केलं की तो ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणतो आणि पाच मिनिटं तिथेच संपतात. सोबत एखादी वस्तू आणायला सांगायची, आणि पहिला प्रश्न पान वाचणाऱ्या मुलाचाच.

एका वर्षी किल्ल्याच्या बांधकामाचं पान होतं. पुस्तकात एक ओळ होती: चुन्यात गूळ घालत. त्या ओळीवर आमच्या घाटाची दुरुस्ती केलेले गवंडी बोलले. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, विझताना तो उकळतो म्हणून लांब उभं राहायचं, मग कित्येक दिवस पाण्याखाली ठेवायचा. चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर दगडी चाकाखाली दळायचा, गुळाचं आणि भिजवलेल्या हिरड्याचं पाणी घालत. भिंतीत भरल्यावर आठवडाभर ओली गोणपाटं टाकायची, कारण चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो आणि घाईने वाळला तर तडकतो. त्यांनी चुन्याचे दोन गोळे आणले होते, एक सावकाश वाळवलेला, एक उन्हात टाकलेला. दुसरा वाचणाऱ्या मुलाने नुसता दाबला आणि तो हातात भुगा झाला. किल्ला तीनशे-साडेतीनशे वर्षं कसा उभा राहिला, हे त्या दिवशी निबंधाशिवाय कळलं.

सुगरणीच्या पानाच्या वेळी एका शेतकऱ्याने विहिरीवरच्या बाभळीखाली पडलेला खोपा आणला. (पडलेलाच आणायचा, झाडावरचा उतरवायचा नाही, ही अट आधीच घातलेली असते.) बहिणाबाईंची खोप्याची कविता सभागृहात सगळ्यांना पाठ. पण मुलीने वाचलं ते वेगळंच होतं: विणतो तो नर. अर्धा खोपा, टोपीसारखा, तयार झाला की मादी येऊन बघते. पसंत पडला तर ती राहते, आणि हा बहाद्दर खोपा पुरा करून दुसऱ्या खोप्याच्या तयारीला लागतो. सालिम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बसून हे टिपलं होतं. बायकांच्या बाजूला जो हशा झाला, तो आवरायला सूत्रसंचालकांना वेळ लागला. शेतकरी मग शांतपणे म्हणाले, खोपे झाडाच्या उगवतीच्या अंगाला असतात, पाऊस मावळतीकडून झोडपतो ना. हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं.

वसईच्या वेढ्याचं पान होतं तेव्हा वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेचा विषय निघाला. 1739 ला चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकून आणलेल्या घंटांपैकी ती एक, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. घंटा तर आणता येत नाही. म्हणून तिचा घेर दोरीने मोजून ती दोरीच आणली गेली, तिचं जमिनीवर रिंगण केलं आणि आत किती मुलं मावतात ते मुलांनी करून पाहिलं.

कल्पनेच्या पानाला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न सुरुवातीला अडला होता. तो पहिली-दुसरीच्या मुलांनी सोडवला. विंदा करंदीकरांच्या एटू लोकांच्या देशाची कविता वाचून झाली की ही मुलं खडू घेऊन फळ्यापाशी येतात आणि त्या देशाचं राहिलेलं वर्णन पुरं करतात. तिथे घंटा झाली की मुलं बाईंची हजेरी घेतात. तिथे गृहपाठ खडूच करतो, आपण नुसतं बघायचं. या भागाला वेळेची मर्यादा घालून बघितली, पाळली गेली नाही.

चिठ्ठ्यांचा खेळ राहिला. ऐतिहासिक गोष्टीचं पान ए फोरचं ए थ्री, म्हणजे 141 टक्के मोठं करून झेरॉक्स काढायचं आणि भिंतीवर लावायचं. मुलांनी वाक्यावाक्याला चिठ्ठी लावायची: पुरावा असेल तर पिवळी, ऐकीव असेल तर हिरवी, लेखकाने रंगवलं असेल तर गुलाबी. चिठ्ठ्या मूळ पुस्तकाला लावू द्यायच्या नाहीत, चिकटपणा राहतो आणि पुढच्या वर्षी दोन पानं एकमेकांना धरून बसतात. हिरकणीच्या पानाला बुरुजावर पिवळी लागते, कोजागरीच्या रात्रीच्या कड्यावर हिरवी, तिच्या तोंडच्या वाक्यांवर गुलाबी. सुगरण खोप्यात काजवे चिकटवून दिवा लावते यावर हिरवी, पण खोप्यात सापडणाऱ्या मातीच्या गोळ्यांवर पिवळी, कारण ते समोर टेबलावर होते. ‘कशावरून?’ हा शब्द त्या तासाभरात जितक्या वेळा ऐकू येतो, तितका वर्षभर कुठल्या वर्गात येत नसावा. एका आजोबांना हिरकणीवरची हिरवी चिठ्ठी मुळीच रुचली नाही. ते अजून येतात, पण मागे बसतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की हिरवी चिठ्ठी लागली म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, मुलं ती तितक्याच जीव लावून वाचतात.

उपस्थितीबद्दल लिहायचं नाही असं दरवर्षी ठरतं. तरी लिहितो. स्वतःच्या मुलाचं पान झालं की उठून जाणारे पालक मागचा दरवाजा करकरवत जातात आणि पुढच्या मुलाचं पहिलं वाक्य त्या करकरीत बुडतं. आता बिजागरीत तेल घातलंय, पालकांचा इलाज सापडलेला नाही. शाळांना पत्रं दोन महिने आधी जातात. ज्या शाळांत सर्वांत मोठी मैदानं आणि सर्वांत चकचकीत गाड्या आहेत, तिथून पोचसुद्धा येत नाही. आणि दोन डोंगरांपलीकडच्या दोनशिक्षकी शाळेची मुलं पहिली एसटी पकडून वेळेच्या आधी येऊन सतरंजीवर बसलेली असतात. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती सतरंजीवरच बसतात, तिथून टेबलावरची पुस्तकं जवळ पडतात.

आता मदत करणारे. नावं लिहिली की एखादं सुटतं आणि मग ते पुढच्या मेळाव्यापर्यंत ऐकावं लागतं, म्हणून कामं लिहितो, ज्याचं त्याला कळेल. दुसऱ्या सतरंजीचं भाडं न लावणारे मंडपवाले. माईकचा स्टँड चार फुटांवर घट्ट राहावा म्हणून स्वतःच्या खर्चाने नवा स्क्रू बसवणारे साउंडवाले. शंभर प्लेट सांगितल्या तरी दीडशेचे पोहे करणाऱ्या बचत गटाच्या ताई, आणि त्यातल्या शेंगदाणे न खाणाऱ्या मुलांसाठी वेगळी कढई ठेवणाऱ्या मावशी. पुठ्ठे कापून देणारे बाइंडर, ज्यांनी फाटक्या पुस्तकांची शिलाई वर्षभर विनामूल्य केली. झेरॉक्सवाल्या ताई. वाड्याची ओसरी पुस्तकं सुकवायला उघडून देणाऱ्या आजी. परतीच्या मुलांसाठी स्टँडवर दहा मिनिटं गाडी थांबवणारे कंडक्टर, यांचा उल्लेख गेल्या खेपेला राहिला होता म्हणून यंदा दोनदा: परतीच्या मुलांसाठी गाडी थांबवणारे कंडक्टर. तालमी घेणाऱ्या तिन्ही बाई. रांगोळी. प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसणारे कंपाउंडर, ज्यांच्याकडे एका खरचटलेल्या गुडघ्याखेरीज काही आलं नाही. बूट-चपला जोडीने लावणारी आठवीची मुलं. शिपाईमामा, अर्थातच.

आणि पडदा बांधायला आठ फुटी शिडी देणारे रंगारी. ती शिडी अजून वाचनालयाच्या जिन्याखाली आहे, त्यांनी या आठवड्यात घेऊन जावी किंवा निरोप द्यावा, मुलं पोहोचवतील.