गिन्नीला हळदकुंकू नको

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाचा वाद ठरलेला आहे. सासूबाईंना ताटात सोनं हवं असतं आणि घरात सोन्याची नाणी म्हणजे माझ्या आजोबांनी जमवलेल्या पंचम जॉर्जच्या गिन्न्या. त्यातली एक १९१८ची, मुंबई टांकसाळीची. मुंबईत फक्त त्या एकाच सालाच्या गिन्न्या पाडल्या गेल्या. मागच्या बाजूला जो घोडेस्वार असतो, त्याच्या घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, ‘आय’ हे बारीकसं इंग्रजी अक्षर असतं. नाण्याचं वजन काय, सगळ्याच गिन्न्यांचं जवळपास आठ ग्रॅम. जाणकार जास्तीचे पैसे मोजतो ते या अक्षराचे आणि न झिजलेल्या ठशाचे.

आता पूजा म्हटली की पंचामृत आलं, हळदकुंकू आलं, आणि दुसऱ्या दिवशी चिंच लावून जुन्या ब्रशने घासणं आलं. इथेच माझा जीव वरखाली होतो. चोर नाणं नेईल तेव्हा नेईल, घरातली माणसं मात्र प्रेमाने दरवर्षी थोडं थोडं नेत असतात.

शुद्ध सोनं काळं पडत नाही हे खरं. पण गिन्नी बावीस कॅरेटची, म्हणजे बारावा हिस्सा इतर धातूचा, मुख्यतः तांब्याचा. त्यामुळे कधी कधी तांबूस ठिपके येतात. ते तसेच राहू द्यायचे. घासून नाणं चकचकीत होतं, पण टांकसाळीतून आलेली मूळची झळाळी गेली की जगातला कोणताही सोनार ती परत आणू शकत नाही.

सराफाकडे दाखवायला नेलं तरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. कसाच्या दगडावर कड घासू द्यायची नाही. हल्ली सराफ बाजारातही कॅरेट तपासायचं यंत्र असतं, त्यात ओरखडा न उठता कस कळतो. आणि कडी लावून पदकात ओवायची कल्पना कुणी काढली तर हसून विषय बदलावा. कडी जोडणारा डाक लागला की ते नाणं संग्रहातून उठलं.

ठेवण्याचं म्हणाल, तर दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं मी आधी फेकते. ती पीव्हीसीची असतात. वर्षानुवर्षांनी त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. त्याऐवजी प्रत्येक गिन्नीला तिच्या मापाची, बावीस मिलिमीटरची कडक अॅक्रिलिकची डबी. धरायची ती कडेने, खाली मऊ कापड अंथरून. या डब्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. जुलैत इथे नाशिकला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पुडीतले निळे दाणे बघता बघता गुलाबी होतात. मग पुडी बदलायची.

(नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. ती जमिनीत सुमारे अठराशे वर्षं राहिली. आमच्या देवघरात त्यांनी किती दिवाळ्या काढल्या असत्या, सांगता येत नाही.)

डबा लॉकरमध्ये असतो. लॉकर घेताना मी पहिला प्रश्न विचारला तो मजल्याचा. गोदावरीला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं हे नाशिककरांना सांगायला नको, आणि तळघरातला लॉकर मला नको होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. पण पूर-भूकंपासारख्या आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, काहीच नाही. भाडं तीन हजार असेल तर फार तर तीन लाख. मूठभर गिन्न्यांतच ती मर्यादा संपते. म्हणून वेगळा विमा, आणि विम्यासाठी वही: प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, साल, वजन, कुठून आलं. वहीची एक प्रत मुलीकडे आहे, लॉकरला नॉमिनीही तीच.

सासूबाईंसाठी एक ग्रॅमचं नवं लक्ष्मीछाप नाणं आणलंय. त्याच्यावर त्या हवं तेवढं कुंकू वाहतात. माझी काही हरकत नाही.

अमेरिकेतली भाची मात्र अजून रुसलेली आहे. तिला १९१८चीच गिन्नी आठवण म्हणून न्यायची होती. पण शंभर वर्षं उलटलेलं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते असं पर्समध्ये टाकून देशाबाहेर नेता येत नाही. तिला म्हटलं, तुझ्या वाटणीची इथेच राहील, येशील तेव्हा बघ. हात धुऊन.