झुरिकच्या छताखालचे मासोआला

झुरिकच्या मुख्य रेल्वेस्थानकावरून सहा क्रमांकाची ट्राम चढण चढत थेट प्राणिसंग्रहालयापाशी जाऊन थांबते. मी गेलो तो भर हिवाळा होता. मासोआला दालनाचे आतले दार उघडताच चष्मा आणि कॅमेऱ्याची काच दोन्ही धुरकटली आणि अंगावरचा जाड कोट उतरवावा लागला.

मादागास्करच्या ईशान्येकडील मासोआला द्वीपकल्पावरचे वर्षावन येथे २००३ पासून सुमारे ११,००० चौरस मीटर जागेत आणि ३० मीटर उंच छताखाली वाढवले आहे. छत काचेचे नसून हवा भरलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तिपदरी उशांचे आहे; काच बरेचसे अतिनील किरण अडवते, हे प्लास्टिक मात्र ते आत येऊ देते आणि सरड्यांना त्यांची गरज असते. आतल्या पावसासाठी छतावरचेच पावसाचे पाणी साठवून वापरतात.

येथे पिंजरे नाहीत, त्यामुळे प्राणी दिसतीलच याची हमीही नाही. बरेच जण भराभर चालत जातात आणि काहीच दिसले नाही म्हणून कुरकुरत बाहेर पडतात. मी एका बाकावर बसून राहिलो, तेव्हा कुठे समोरच्या फांदीवरचा पँथर शॅमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा पानांतून वेगळा दिसू लागला. मग वरच्या फांद्यांतून एकाएकी कर्कश सामूहिक ओरडा उठला. ते तांबड्या केसांचे, काळ्या तोंडाचे लेमूर, म्हणजे माकडांच्या नात्यातले प्राणी होते; जंगलात ही जात केवळ मासोआला आणि लगतच्या परिसरातच उरली आहे. २०१४ मध्ये झाडांच्या शेंड्यांपर्यंत नेणारा झुलता मार्ग बांधला गेला. तेथून वटवाघळे जवळून दिसतात हे खरे, परंतु वर गर्दी फार आणि लहान मुलांच्या धावण्याने तो सतत हलत असतो. मला खालची पायवाटच अधिक आवडली.

पंख्यासारखी पाने पसरलेला रावेनाला हा वृक्ष पाहून मराठी माणसाला तो ओळखीचा वाटेल, कारण आपल्याकडच्या कित्येक बागांत तो शोभेसाठी लावलेला असतो. आपली सदाफुली आणि गुलमोहर हेसुद्धा मूळचे मादागास्करचेच, पण गुलमोहर तेथल्या कोरड्या, पानगळीच्या रानातला. मासोआलाच्या ओल्या जंगलाशी त्याचे नाते नाही.

खऱ्या मासोआलाला १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २००७ मध्ये मादागास्करच्या पूर्वेकडील इतर वर्षावनांसह त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, परंतु तीनच वर्षांनी ही वने धोक्यातील वारशांच्या यादीत गेली. आपल्या शिसवाच्याच कुळातल्या लाकडाची चोरटी तोड हे त्याचे मोठे कारण होते. त्या यादीतून ती २०२५ मध्ये बाहेर आली. झुरिकचे प्राणिसंग्रहालय या उद्यानाला नियमितपणे आर्थिक मदत करते. जाणार असाल तर दालन उघडताच आत शिरा आणि जाड कोटाखाली सुती कपडे घाला.